स्कूटरची जागा

फोटो स्टुडिओत निगेटिव्हही साठतात आणि किस्सेही. गिऱ्हाईक प्रिंट घेऊन जातं, निगेटिव्ह आमच्याकडे राहते. धुळ्यात आग्रा रोडवर नानांचा स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकात मी तिथे रिटचिंग करायचो. बिस्किटांचे पत्र्याचे डबे निगेटिव्हनी भरले, की मी विचारायचो, "नाना, फेकू का?"

"माणसं परत येतात रे!" नाना म्हणायचे.

माझा धंदा खोटेपणाचा, पण कलाकुसरीचा! डाग पुसायचे, मिटलेले डोळे उघडायचे, लग्नाला रुसून न आलेला मामा नवरदेवाशेजारी चिकटवायचा. हात चांगला होता माझा. तेव्हा मला त्याचा फार गर्व होता.

* * *

जवळच्या खेड्यातले दगा आबा मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव मंगला. स्थळं बघायला सुरुवात झाली होती, फोटो पाहिजे होता. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, हसरी.

आबा मुलीकडे बोट दाखवत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मनी आंडेर काळी नई शे भाऊ. वावरमा काम करी करी रापेल शे. जरा उजळ करी द्या."

पोरीनं ते ऐकलं आणि तिचं हसू मावळलं.

निगेटिव्हवर चेहऱ्यापुरता लाल रंगाचा पातळ हात फिरवला, की प्रिंटमध्ये चेहरा गोरा येतो. मी दोन हात जास्तच फिरवले. देवपूरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, बाप सरकारी कचेरीत हेडक्लार्क. फोटो बघूनच अर्धा होकार आला म्हणे!

"तुझ्या हाताला यश आहे," नाना म्हणाले. मी कॉलर ताठ केली.

* * *

त्याच महिन्यात तीन भाऊ एक फॅमिली फोटो घेऊन आले. वाटणी झाली होती. त्यांना एका फोटोचे तीन करून हवे होते, ज्याचं कुटुंब त्याला. मी पेन्सिलीनं रेघा आखल्या आणि अडलो. मधोमध खुर्चीवर आई बसलेली.

"आईला कोणाच्या फोटोत घेऊ?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग थोरला म्हणाला, "आईचा वेगळा काढा ना. तुम्हाला काय जड आहे?"

तीन प्रिंट नेले. चौथा न्यायला कोणी आलं नाही. तो बरीच वर्षं आमच्या खणात होता.

* * *

मंगलाच्या लग्नाचे फोटो आमच्याकडेच. नानांबरोबर लाइट धरायला मी गेलो होतो. हेडक्लार्क साहेबांनी मांडवात शिरताच बजावलं, "आधी वस्तूंचा फोटो. माणसांचं नंतर बघू!"

त्या काळी आंदण मांडवात मांडायची पद्धत होती. एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला रंगीत टीव्ही, पुढे शिलाई मशीन आणि भांडी. कपाट आणि टीव्हीच्या मध्ये मात्र माणूस आडवा झोपेल एवढी जागा रिकामी. मी कपाट सरकवायला गेलो.

"हात लावू नका!" साहेब कडाडले. "ती स्कूटरची जागा आहे. बुकिंग केलंय म्हणतात यांनी. आली की तिचा फोटो काढून त्यात जोडून द्या."

दगा आबा हात जोडून हसले. बुकिंग झालेलं नव्हतं, हे मला आणि नानांना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

* * *

देवपुरात एका कंत्राटदारानं बंगला बांधला. वास्तुशांतीला सगळे दारात उभे राहिले. त्याचे वडील मळकं धोतर सावरत कडेला आले, तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बाजूला बसा."

मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. नानांना म्हणाला, "यांचा एकट्याचा काढून ठेवा. पुढे लागेलच."

म्हाताऱ्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला. "चांगला येवाले पाहिजे हां!" म्हणाले.

* * *

मंगलाच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. एका दुपारी ती एकटीच स्टुडिओत आली. हातात तोच आंदणाचा फोटो. वाळली होती. डाव्या मनगटावर फडकं बांधलेलं.

"भाऊ, तुम्ही फोटोमा माणसे जोडतस ना? मंग एक स्कूटर बी जोडी द्या. मना बापले नई जमत. फोटोमा दिखनी, तर त्यासनं तोंड तरी बंद व्हई."

आणि मी हसलो! "जोडतो ताई, पण पेट्रोल कोण भरणार?" असं म्हणालो.

तीही हसली, फोटो पिशवीत ठेवला आणि गेली. मी तिला मनगटाला काय झालं एवढंही विचारलं नाही. आजही त्या विनोदाची मला लाज वाटते.

* * *

पंधरा दिवसांनी पोलिसांनी पंचनाम्याच्या फोटोसाठी नानांना देवपुरात बोलावलं. स्टोव्हचा भडका उडून सून गेली, असं घरचे सांगत होते. रोल मी धुतला. डार्करूममध्ये कागदावर हळूहळू स्वयंपाकघर उमटलं. ओट्यावर स्टोव्ह होता. लख्ख घासलेला, जागच्या जागी.

"नाना, हा स्टोव्ह..."

"आपण फोटो काढतो," नाना म्हणाले. "बोलायचं काम आपलं नाही."

मीही बोललो नाही. कोणीच बोललं नाही, आणि केस मिटली.

तेराव्यानंतर दगा आबा आले. भिंतीवर लावायला मंगलाचा फोटो हवा होता. मी तोच पहिला, गोरा फोटो समोर ठेवला. आबांनी तो बराच वेळ धरला आणि परत दिला.

"मनी मंगला इतली गोरी नव्हती भाऊ. व्हती तशी करी द्या."

मी निगेटिव्ह पाण्यात धरली. लाल रंग निघायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

* * *

पाच महिन्यांनी हेडक्लार्क साहेब आले. जळगावच्या पिंप्राळ्याचं एक स्थळ होतं, मुलाचा फोटो पाठवायचा होता.

"नवा कशाला? लग्नातलाच घ्या. सूट छान आलाय त्यात. हिला तेवढं काढून टाका."

मंगलाचा हात त्याच्या खांद्यावर होता. मी म्हणालो, "बोटं निघणार नाहीत. खांदा खराब होईल."

"मग बोटं राहू द्या, कोण बघतंय!" साहेब उठले आणि दारातून परत वळले.

"आणि तो वस्तूंचा फोटो? त्याची निगेटिव्ह आहे ना जपून? ती स्कूटरची जागा रिकामीच ठेवा."