दिवा नसलेलं मशीन

समोरच्या दारातल्या लिफ्टवाल्यांबद्दल लिहायचा खरं तर मला अधिकार नाही. अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर होती, पण त्यांना भावंडं किती, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. मला लिहायची सवयही नाही. पण एक गोष्ट मनात सलते आहे आणि ती माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही आमच्या इमारतीची लिफ्ट अडली की कंपनीचा माणूस येण्याआधी हेच गच्चीवरच्या मोटरपाशी पोहोचलेले असत. मी ग्रंथालयात कारकून होतो. कुलूप लावण्याआधी सगळी बटणं बंद करणं हे माझं शेवटचं काम, आणि ती सवय घरीही सुटली नाही. संध्याकाळी सहाला मी फिरायला निघालो की ते दारातून हसत विचारायचे, "भाऊ, बटणं बंद केलीत?" आमचं बोलणं बहुधा एवढंच.

त्यांची बायको, म्हणजे वहिनी, बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवायच्या. पाठीच्या ऑपरेशननंतर त्या अंथरुणाला खिळल्या. मुलीने त्यांना हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र पाठवलं. वहिनींना हवा होता डोंगरातून ट्रक चालवायचा खेळ, आणि तो त्या एवढ्याशा यंत्राला पेलेना. मग लिफ्टवाल्यांनी ठरवलं, खेळ चालवायला मोठा कॉम्प्युटर आपणच जोडायचा आणि त्यातलं चित्र वायफायवरून वहिनींच्या हातात पोहोचवायचं.

"बायकोला ट्रक घेऊन देतोय," ते सगळ्यांना सांगत. "सेकंडहँड आहे, पण डिझेल लागत नाही."

कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटरचा डबा आणि कोणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड त्यांनी आणलं. कार्ड डब्यात मावेना, तेव्हा आतला पत्रा दोन दिवस कानशीने घासत बसले. जोडून झालं, पण पंख्यांची घरघर वहिनींना सोसेना. मला कमी ऐकू येतं. म्हणून मशीन माझ्या बाहेरच्या खोलीत आलं आणि त्याची नेटची वायर दारावरून त्यांच्या घरात गेली. विजेचे पैसे मी घेणार नाही म्हणालो. तेवढाच माझा मोठेपणा.

"आणि पडदा कुठे?" मी विचारलं.

"पडदा तुमच्या वहिनीच्या हातात." त्यांनी मागे खोचलेली बोटाच्या पेराएवढी पिन दाखवली. "ही खोटी. पडदा जोडलाय असं मशीनला वाटावं म्हणून. लिफ्टचंच आहे हो भाऊ. मोटर गच्चीवर, माणूस डब्यात. मोटर दिसत नाही म्हणून ती नसते का?"

मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं. मशीनवरचा निळा दिवा रात्री माझ्या डोळ्यांवर येईल म्हणून त्यांनी तोही काढून टाकला होता. त्यामुळे मला मशीनचा ना आवाज येई, ना उजेड दिसे. संध्याकाळी फिरायला निघताना मी त्याचं भिंतीवरचं बटण बंद करी आणि आल्यावर लावी. बटण लावलं की ते आपोआप सुरू होई. वीज जाऊन आली तर म्हणून त्यांनीच तशी सोय केली होती.

तीन आठवडे असंच चाललं. वहिनींचा आवाज अंथरुणातून जिन्यापर्यंत यायचा, "ट्रकवाले, तुमची गाडी घाटात पुन्हा बंद पडली! ढकलायला येऊ का?" आधी त्या हसत असत. मग त्यांनी ते यंत्र उशीखाली ठेवून दिलं.

लिफ्टवाले माझ्या खोलीत जमिनीवर बसून मशीन पुन्हा पुन्हा उघडायचे. पॉवर सप्लाय बदलला, वायरी बदलल्या. एकदा तोंडात स्क्रू धरूनच म्हणाले, "सहानंतरच कसं पडतं हो? तुमच्याकडे तेव्हा वीज जाते का?"

"नाही," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

तिथेच सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून मी त्या बटणाला हात लावला नाही आणि मशीन पुन्हा कधी बंद पडलं नाही. वहिनी परत घाटात जाऊ लागल्या. मला वाटलं, मिटलं.

पुढच्याच आठवड्यात लिफ्ट अडली. सेक्रेटरी त्यांना बोलवायला आले. मी माझ्या दारातच होतो.

"कंपनीचा माणूस बोलवा," लिफ्टवाले म्हणाले. "माझा हात गेला आता. एक डबा बिघडला कशाने ते कळलं नाही, सुधारला कशाने तेही नाही. अशा हातावर माणसं कशी टांगू?"

मी दार लोटून घेतलं. ते पुन्हा गच्चीवर गेले नाहीत.

पावसाळ्यानंतर मुलगी दोघांना आपल्याकडे घेऊन गेली. तिकडे दीड महिन्यात लिफ्टवाल्यांचं हृदय थांबलं. फोनवर वहिनी म्हणाल्या, मशीन अजून छान चालतंय.

ते मुलीकडे जायला निघाले त्या दिवशी त्यांना सगळं सांगायचंच, असं ठरवून मी काठी घेऊन बाहेर आलो होतो. चादरीत गुंडाळलेलं मशीन त्यांनी छातीशी धरलं होतं.

"भाऊ, फिरायला निघालात?"

"हो, निघतोच आहे."

"बटणं बंद केलीत?"

"केली."

"मग व्हा पुढे. अंधार पडेल."