नंदिनीच्या मातीचं विरजण

नंदिनीच्या नावाने झाड लावायचं म्हणून आमच्या सोसायटीने नंदिनीच्याच मातीवर तणनाशक मारलं.

परत वाचा. मी शुद्धीवर आहे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. डेंग्यूने गेली. माझी समोरच्या दाराची शेजारीण. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची आणि घरी आल्यावर माझ्याशी भांडायची.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळी पट्टी आहे. पूर्वी तिथे कीटकनाशकं बाटल्यांत भरायची शेड होती. कापडगिरणी बंद पडल्यावर नंदिनीचे बाबा त्या शेडमध्येच कामाला लागले. खोकत खोकत गेले.

शेड पडली, शेजारी आमचा टॉवर उभा राहिला, विष मातीतच राहिलं. साधं गवतही धड उगवत नव्हतं.

बिल्डर म्हणाला, वरून पेव्हर ब्लॉक टाकून देऊ.

नंदिनी म्हणाली, "टाकून बघा."

मग ती भिडलीच. त्या मातीत, त्या विषात तग धरून राहिलेले जिवाणू तिने लॅबमध्ये वाढवले आणि परत तिथेच सोडले. ते विष खातात, म्हणाली. शेणखत, गूळपाणी, माती खालीवर करणं, ओल टिकवणं. कॉलेजातून आली की ओढणी कमरेला बांधून फावडं हातात.

"किती वर्षं लागतील गं याला?"

"तुला काय घाई आहे? तू चहा टाक ना."

मूठभर मेथी टाकून बघायची. मेथी उगवायची, पिवळी पडायची, मरायची. ही परत माती उकरायला बसायची.

आणि एकदा मेथी उभी राहिली. हिरवीगार. मला हाताला धरून खाली ओढत नेलं आणि एक गांडूळ दाखवलं.

"बघ! कोणी आणून सोडलेलं नाही. आपणहून आलंय!"

गांडूळ पाहून रडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सोसायटीने तिला शाल-श्रीफळ दिलं. भाषणं ठोकली. टाळ्या वाजवल्या.

त्याच लोकांनी चार दिवसांपूर्वी फवारणीवाला बोलावला. मी बहिणीकडे गेले होते. काल रात्री आले, आज सकाळी खाली उतरले तर सगळं पिवळं.

सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, "अहो, थोडं औषध मारलं फक्त. गवत केवढं माजलं होतं! फोटोत बरं दिसलं असतं का?"

गवत नव्हतं ते. मेथी होती, तिच्या मागे मीच पेरत आलेली. आणि गवत असतं तरी काय? तिथे गवत उगवावं म्हणून तर ती राबली!

वर ग्रुपवर मेसेज: 'स्मृतिवृक्षारोपण. सर्वांनी हिरव्या कपड्यांत यावे.'

लाजा वाटत नाहीत?

तिच्या आईला खाली बोलावलं, रोपाला पाणी घालायला हातात तांब्या दिला. मावशींनी ती पिवळी मेथी पाहिली आणि तांब्या खाली ठेवला.

"माझ्या चेडवाची माती होती रे ती," लेकीसाठी एवढंच मालवणीत म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मी नाही गेले. मी ओरडले. ज्यांनी व्हिडिओ काढलेत त्यांनी खुशाल टाकावेत.

आता एक सांगते. विरजण बिघडलं की आपण शेजारी वाटी घेऊन जातो ना, तशी नंदिनी कायम माझ्या दारात असायची. जिवाणूंची मॅडम, आणि हिचं दही कधी धड लागलं नाही!

मेथी उभी राहिली तेव्हा तिने त्या मातीची एक कुंडी भरून माझ्या बाल्कनीत ठेवली.

"ओली ठेव. अधूनमधून गूळपाणी घाल. माझं बिघडलं तर तुझ्याकडेच मागायला येईन ना."

कुंडी आहे. ओली आहे. तिच्यात मी पेरलेली मेथी आज सकाळीही हिरवी होती.

रविवारी फावडं घेऊन मागे जातेय. कमिटीने अडवून दाखवावं.

नंदे, तुझं बिघडलंय गं.

तू मागायला येणार नाहीस. मीच घेऊन येतेय.