पयले त्याचं आयकून घेऊ

"पयले त्याचं आयकून घेऊ," असं म्हणत बाबूजी कॉलरीत खोचलेला रुमाल काढायचे, दोन्ही हात कोरडे पुसायचे आणि मगच बिघडलेल्या वस्तूला हात लावायचे. वस्तू कोणतीही असो, पाण्याची मोटर असो की ऑफिसातला प्रिंटर. नाडी बघणारे वैद्य तुम्ही पाहिले असतील. बाबूजी प्रिंटरवर तळहात ठेवून तसेच डोळे मिटून बसायचे.

मलकापूरच्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ते कारकून होते आणि मी शिक्षिका. आमच्याकडे कारकुनाला बाबूच म्हणतात, वयामुळे पुढे 'जी' लागला. मुलांनी मात्र त्यांना आपल्या भाषेतलं नाव दिलं होतं. दोन बोटं कॉलरीत खुपसली की झाले बाबूजी. हे कळल्यावर ते इतके खूश झाले, की घरी जाऊन बायकोलाही ती खूण शिकवून आले. आता बाजारात गर्दीत हरवलो तरी ओरडायची गरज नाही, म्हणाले.

त्यांनी हात लावलेलं सगळंच दुरुस्त व्हायचं असं नाही. मुख्याध्यापकांच्या चष्म्याची एक काडी त्यांच्याच उपचारांनी कायमची गेली. मुख्याध्यापक काही दिवस चष्म्याला दोरा बांधून फिरले, आणि बाबूजी रोज त्यांना "आता कसं वाटते?" असं विचारत राहिले.

एका वर्षी स्नेहसंमेलनात पालकांना मुलांचे व्हिडिओ दाखवायचं ठरलं. प्रत्येकाने खुणांच्या भाषेत आपली एक गोष्ट सांगायची. सगळा हिवाळा त्यात गेला. सातवीतली वैशाली सर्वांत खुलली. तिचे वडील हिवरा आश्रमाकडचे, वांगी-टोमॅटो पिकवणारे. लेकीवर जीव होता, पण ते मला एकदा म्हणाले होते, "तिले कामापुरतं समजते मॅडम. गोष्ट सांगनं तिले कुठून जमन?"

संमेलनाच्या आदल्या दिवशी सकाळी माझा लॅपटॉप सुरूच होईना. दुकानात नेला. विंडोज नव्याने टाकावी लागेल असं ठरलं, पण ती कुठे टाकायची हे विचारणारं पान आलं तेव्हा तिथली यादी कोरी. डिस्कच दिसत नव्हती. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली असावी, आशा ठेवू नका. मी लॅपटॉप छातीशी धरून शाळेत परत आले. वैशालीने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, काय झालं? मी लॅपटॉप बाबूजींच्या टेबलावर ठेवला.

बाबूजींनी रुमाल काढला. मागचं झाकण उघडून डिस्क बाहेर काढली, पुसली, परत बसवली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती डिस्क, तिच्यावर आमचा सगळा हिवाळा. यादी तरीही कोरीच. बाबूजींचा चेहरा उतरला. त्यांनी झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चहा आला, त्याकडे पाहिलंही नाही. मग काय वाटलं कोण जाणे, विंडोजच्याही आधी उघडणारं, लॅपटॉपचं स्वतःचं सेटिंगचं पान त्यांनी उघडलं. तिथे डिस्कचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे पहा मॅडम," ते हळूच म्हणाले. "लॅपटॉप त्याले ओयखते, विंडोज ओयखत नाही. ते मेलं नाही, त्याची ओयख कोनी करून देल्ली नाही."

ही ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो शोधायला बाबूजी मोबाइल घेऊन अंगणातल्या लिंबाखाली बसले. दोनदा चुकीचा उतरवला. तिसरा पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपला दिला, आणि कोऱ्या यादीत एकेक ओळ उमटली. दाराशी जमलेल्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. आमच्या शाळेत टाळ्या अशाच वाजतात.

मी म्हटलं, बाबूजी, टाका आता पटकन. त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"व्हिडिओ कुठं ठेवले होते तुमी?"

"डेस्कटॉपवर."

"मंग हे बटन दाबलं की ते गेले."

त्यांनी तिथूनच एक काळी खिडकी उघडली आणि काहीतरी टाइप केलं. पांढऱ्या अक्षरांत मुलांची नावं एकाखाली एक येत गेली. वैशालीचं नाव दिसलं तेव्हा मी खुर्चीत बसले. सगळे व्हिडिओ दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरल्यावरच बाबूजींनी ते बटण दाबलं, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर वैशाली आली. वांग्याच्या वावरात वानरं शिरतात, बाप काठी घेऊन धावतो आणि स्वतःच चिखलात आपटतो, अशी गोष्ट. चिखलातून उठणारा बाप तिने असा काही उभा केला, की सगळा मंडप हसला. वडील मात्र हसता हसता डोळे पुसत होते. कार्यक्रम संपल्यावर ते बाबूजींकडे आले.

"ते वानर कसं केलं तिनं हातानं? मले शिकवा."

"मले काय इचारता? तिलेच इचारा," बाबूजी म्हणाले.

मंडप आवरेपर्यंत बापलेक एका बाकावर समोरासमोर बसून होते. बाप वानर करत होता, लेक नकाराची मान हलवून खुणावत होती, पुन्हा.

आता बाबूजी निवृत्त होऊन सोनाळ्याला संत्र्यांच्या बागेत रमलेत. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाइल वर्गासमोर धरला. त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी विचारलं, ते कोणालाच कळलं नाही. आता दहावीत असलेली वैशाली पुढे आली आणि तिने त्यांची खूण सावकाश दुरुस्त करून दाखवली. बाबूजींनी मोबाइल झाडाच्या खोडाला टेकवला, चार पावलं मागे सरकले आणि पुन्हा विचारलं. या वेळी बरोबर जमलं.

जेवलात का?

सगळ्या वर्गाने एकदम हातांनी सांगितलं, हो.