साहेबांच्या पानातलं तूप

भाऊ गेल्याचा निरोप घेऊन गावाकडचा माणूस वर्ध्याच्या शाळेत आला, तेव्हा मी फळ्यावर गणित सोडवत होतो. ते अर्धंच राहिलं. आता महिना उलटला, तरी लिहायला बसलो की भाऊंच्या आजारपणाआधी ती गारपीटच आठवते... भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, तळेगावच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावाचे पाटील. अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून. पाहुणा दिसला की त्यांच्या अंगात यायचं.

चार वर्षांपूर्वी फाल्गुनात गारा पडल्या. कापणीला आलेला गहू अर्ध्या तासात भुईसपाट झाला, संत्र्यांची झाडं नागडी झाली. सरकार मदत देणार, पेरणीला बियाणं देणार, असं कळलं. नुकसान पाहायला नागपूरकडून साहेब यायचे होते. झालं! भाऊंनी सगळं गाव सारवून घेतलं, दारोदार रांगोळ्या काढवल्या. घराघरातून मागून आणलं, कुणाकडून गूळ, कुणाकडून हरभऱ्याची डाळ. शेजारच्या गल्लीतल्या विधवा यशोदाबाईंनी सुनेच्या बाळंतपणासाठी जपलेलं तूप पितळी लोटीतून दिलं. मी तेव्हा रजेवर गावी होतो. म्हटलं, "भाऊ, साहेब आपली दैना पाहायला येताहेत."

"मंग? गावात आलेल्या मानसाले दैनाच वाढू का पानात?"

मी लोटी उचलून आत नेऊन ठेवली. खरं सांगायचं तर पंगतीत दोन पुरणपोळ्या जास्तच खाल्ल्या.

जेवण असं अंगावर आलं की साहेबांनी शेतं जीपमधूनच पाहिली. निघताना म्हणाले, "पाटीलजी, आपका गाँव तो बड़ा खुशहाल है." भाऊ हरखले. पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला ते वाक्य साहेबांच्याच थाटात ऐकवत होते.

मग मदतीची यादी लागली. आजूबाजूची गावं तिच्यात होती, आमचं नव्हतं. भाऊ मला घेऊन तहसिलीत गेले. कारकुनानं साहेबांचा शेरा वाचून दाखवला. गाव खुशहाल आहे, मदतीचं कारण दिसत नाही. भाऊंनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यानंतर अर्जावर अर्ज केले, कचेरीचे उंबरे झिजवले, पण पुन्हा पाहायला कोणी आलं नाही. त्या मृगात गावातली निम्मी शेतं पडीक राहिली. यशोदाबाईंचा मुलगा अवघडलेल्या बायकोला घेऊन हिंगणघाटला मजुरीला गेला. तिकडेच नातू झाला, आणि ते तिकडचेच झाले.

भाऊंनी त्या वर्षापासून पानात तूप घेतलं नाही. यशोदाबाईंची लोटी आमच्याच फळीवर राहिली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वहिनी म्हणायच्या, "भरून देऊन या ना." भाऊ म्हणायचे, "भरून द्याले काय झालं? पन खानारं कोन हाये आता तिच्या घरी?" यशोदाबाईंच्या गल्लीतून जाणंच त्यांनी सोडलं. शेताला जायचं तर नाल्याकडून वळसा घालून जात. शेवटच्या दुखण्यातही, दम लागत असताना, तोच वळसा.

तेरवी झाल्यावर मी लोटीत तूप भरलं आणि यशोदाबाईंच्या दारी गेलो. भाऊंच्या वतीनं माफी मागायची होती, पण मी नुसती लोटीच पुढे केली. त्यांनी लोटीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"चार वर्सं पाटील माया दारावरून गेले नाई, मास्तर. म्या रोज ओट्यावर बसून वाट पाह्यली. तूप कोनाले पायजे व्हतं? घरचं मानूस त दूर गेलंच व्हतं... ह्या गल्लीतून एक आवाज जाये, तोबी गेला."

लोटी घेऊन मी परत निघालो. पाय आपोआप नाल्याकडे वळले होते. मी थांबलो, मागे फिरलो आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.