सत्तावीस अक्षरं आणि बसूमामाचा आवाज

चूक बसूमामाची. चहा यायच्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच माझ्याकडं संशयानं बघणार नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस! नव्या पेठेत साडीच्या दुकानाबाहेर उभा राहून ‘या वैनी, या ताई’ करत गिऱ्हाइकं आत ओढतो आणि उरलेल्या वेळात अख्ख्या खानदानाला अक्कल वाटतो.

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माझं भविष्य दिसतं. स्वतःचं कुणाला दिसलं नव्हतं, ते सोडा.

तर आमच्या गल्लीत पाटणकरबाईंनी स्पॅनिशचा वर्ग काढला. बाई टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यातून रिटायर झालेल्या. फी नाही! वर म्हणाल्या, “ज्याचे उच्चार चांगले, त्याला कारखान्याच्या ऑफिसात घेणार. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. मार्कशीट लागत नाही.”

मार्कशीट लागत नाही! अशी नोकरी सोलापुरात मला दुसरी कोण देणार होतं?

अक्षरं सत्तावीस. आ, बे, से... दुसरंच अक्षर ‘बे’, म्हणजे ‘का बे’वाली आपली सोलापुरी भाषाच की! एच लिहायचा पण बोलायचा नाही. आमच्या घरात आज्जासमोर बाप असतो, तसा. जे म्हणजे घशातून ओढून काढलेला ख, शेजारचे काका रोज सकाळी मोरीत काढतात तो. आणि एनवर एक लाट काढली की झाला ञ. शाळेच्या तक्त्यात बिचाऱ्याला धड चित्र नव्हतं, तिकडं काय थाट त्याचा! मला सगळं जमलं. फक्त आरचं नाव ‘एर्रे’, त्यातला डबल आर नाही. जीभ टाळ्याला टेकवून फटफटीसारखी फर्रर्र उडवायची असते. माझी नुसतीच किक बसायची.

महिन्यानं बाई म्हणाल्या, “उद्यापर्यंत सगळ्यांनी सत्तावीस अक्षरं म्हणून रेकॉर्डिंग पाठवा. साहेबांना द्यायचंय.”

घरी आलो तर मामा बसलेलाच.

“फी न्हाय?”

“नाही.”

“मार्कशीट न्हाय?”

“नाही.”

“मग काय घेती ती बाई?”

“आवाज.”

मामानं बशी खाली ठेवली. “अय्यो! येडा का बे तू? हल्ली मशीनवर आवाज कापी करत्यात. उद्या तुझ्या आईला तुझ्याच आवाजात फोन येतोय बघ, आई, मला पोलिसांनी धरलंय, पैसे पाठव!”

“धरलं तर राहू दे की चार दिवस,” आई आतून म्हणाली.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. खरंच, फुकट कोण शिकवतं? बाई सारखं ‘परत म्हण, मोठ्यानं म्हण’ का करतात? वर चहा पाजतात! आमच्याकडं फुकट चहा फक्त निवडणुकीत मिळतो.

नोकरी तर पाहिजे. आवाज तर द्यायचा नाही. मग? दुसऱ्याचा द्यायचा! फसवणूक निघाली तर दुसरा अडकेल, नोकरी निघाली तर मी जाईन. सांगा, डोकं आहे की नाही?

“मामा, तुझा आवाज दे की.”

“घे की. माझ्या आवाजात फोन आला तर घरातलं कुणी दोन मिंटं ऐकत न्हाय. कुणाला फसवणार ते?”

मी कागदावर लिहून दाखवलं, त्यानं म्हटलं. दिवसभर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषांत गिऱ्हाईक बोलावणारी जीभ ती! डबल आर असा उडाला की आई बघायला बाहेर आली. शेवटचं अक्षर झालं, मामाची नेहमीची बडबड सुरू झाली, तेव्हा कुठं मला बटण आठवलं; ते बंद केलं आणि दिलं पाठवून. ऐकायचं कशाला?

चार दिवसांनी कारखान्यातून बोलावणं आलं. खुर्चीत साहेब, शेजारी बाई. साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं.

“तुमचंच ना?”

“हो सर.”

सत्ताविसावं अक्षर संपलं. मी श्वास सोडला. फोन पुढं बोलायला लागला.

“झालं का बे? बाई चोर निघाली तर माझं नाव सांगू नको. आन् नोकरी लागली तर मला दोन टॉवेल आण.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चोर?”

“बाई, ते मामा... म्हणजे मी...”

“नोकरीसाठी तुझं नाव मी दुसऱ्याच आठवड्यात दिलं होतं. रेकॉर्डिंग नुसतं फायलीला लावायचं होतं. उद्यापासून वर्गाला येऊ नकोस.”

साहेबांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ते डबल आर परत परत लावून ऐकत होते.

“हे मामा कुठं असतात?”

“नव्या पेठेत, सर. साडीच्या दुकानाबाहेर.”

“उद्या घेऊन या त्यांना.”

घेऊन गेलो. माझ्याच गाडीवर.

माझी नोकरी गेली. ती मामाला लागली.