असोद्यामागचा समुद्र

मूकपटांच्या दिवसांत जळगावला एका फिरत्या तंबूत मी पाट्या वाचत असे. चित्र चालू असताना मध्येच पडद्यावर मजकूर यायचा, आणि समोर बसलेल्या बहुतेकांना अक्षरओळख नसायची. तेव्हा पडद्याशेजारी स्टुलावर उभं राहून तो मजकूर खड्या आवाजात वाचायचा, ही माझी नोकरी. त्याआधी मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हंगामी कारकून होतो. तिथे माझ्या आवाजाचा सगळ्यांना त्रासच व्हायचा.

एकदा मुंबईहून नव्या चित्राचे डबे आले. सोबतच्या जाहिरातीवर ठळक अक्षरांत होतं, ‘खानदेशात घडलेली अक्षरशः सत्य घटना!’ खालचा मजकूर वाचला आणि मी डब्यावरच बसलो. ती घटना असोद्याच्या माझ्या सख्ख्या मावशीची होती. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या, तेवढ्यावरून कुणीतरी अख्खं चित्र काढलं होतं.

घडलं होतं ते असं. हिवाळ्यातली दुपार, सगळं गाव कपाशी वेचायला गेलेलं. मावशीने मला भरीत खायला बोलावलं होतं. ती परसात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजत होती. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, आतल्या खोलीत कापसाच्या ढिगावर आडवे झाले होते. तेवढ्यात दोन चोर कुंपण ओलांडून आले आणि बैल सोडू लागले. मावशीने आरडाओरडा केला नाही. विस्तवातलं वांगं चिमट्याने उचललं आणि पहिल्याच्या कानशिलावर हाणलं. वांगं फुटलं. तो ओरडत पळाला. दुसरा त्या लगद्यावरून घसरून बैलांच्या हौदात पडला. गाव जमलं तेव्हा पहिलाही हौदाशीच सापडला, कानावर पाणी मारत बसलेला. नाना गलका ऐकून कापसात आणखी खोल शिरले होते. मी कडुलिंबाच्या झाडावर होतो. कसा चढलो ते अजून आठवत नाही.

चित्रात यातलं काहीच नव्हतं. चाळीस दरोडेखोर घोड्यांवरून येत होते. मावशीचं काम रुंद खांद्यांच्या एका पुरुषाने लुगडं नेसून केलं होतं आणि त्याच्या हातात तलवार होती. नाना छातीवर वार झेलून पहिल्याच भागात मरत होते. मी कुठेच नव्हतो. आणि असोदा गावाच्या मागे समुद्र होता. चांगला मोठा, लाटांचा.

दोन दिवस मी निमूटपणे पाट्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी राहवेना. पाटी आली, ‘रणरागिणीने समशेर उपसली!’ मी वाचलं, “मावशीने वांगं उचललं!”

तंबूतले लोक मान लांब करून पडद्यावर वांगं शोधू लागले. एक म्हातारे आबा उठून उभे राहिले. “कोठी हाये वांगं? मले तं तलवार दिसते!”

“ते वांगंच आहे, आबा,” मी म्हणालो. “दाखवायला चुकलंय.”

त्या दिवसापासून मी खरं तेच वाचू लागलो. नाना धारातीर्थी पडले की मी सांगायचो, ते कापसात आहेत. झाडाचा उल्लेख मात्र मी कधी केला नाही. तो इतिहासाच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग असोद्याची मंडळी गाड्या जुंपून चित्र पाहायला आली आणि समुद्र दिसताच उठून उभी राहिली. आमच्या गावात एक नाला आहे, तोही उन्हाळ्यात आटतो, असं त्यांचं म्हणणं. तंबूचा मालक घाबरला. त्याने मला बाजूला घेतलं.

“तुझी मावशी जिवंत आहे ना?”

“आहे.”

“मग तिलाच आण. तिच्याच तोंडून सगळ्यांना कळू दे, खरं काय ते.”

मला फार आनंद झाला. मी स्वतः जाऊन मावशीला आणि नानांना बैलगाडीतून घेऊन आलो. संध्याकाळच्या खेळाला दोघांना अगदी पुढे, सतरंजीवर बसवलं. तंबू खचाखच भरला होता. मालकाच्या शब्दाखातर त्या दिवशी मी पाट्या होत्या तशा वाचल्या.

मावशीने घोडे पाहिले, तलवार पाहिली, तो रुंद खांद्यांचा पुरुष पाहिला. नाना पडद्यावर कोसळले तशी ती पदर डोळ्यांना लावून रडू लागली. शेजारी बसलेल्या नानांनी केळं सोलून तिच्यापुढे धरलं. तिने हात झटकला.

“चूप बसा! तुम्ही मेले हायेत!”

नानांनी केळं स्वतःच खाल्लं, पण हळूहळू, आवाज न करता.

खेळ संपला. दिवे लागले. मालकाने मावशीला स्टुलावर चढवलं आणि विचारलं, “बोला मावशी, हे खरं का खोटं?”

मावशीने पदर सारखा केला.

“खरं हाये,” ती म्हणाली.

मी ओरडलो, “मावशी! आणि समुद्र?”

“मले मांगे पाह्याले कोठी फुरसत व्हती?”

असोदेकर एकमेकांकडे पाहू लागले. एकाने हिंमत करून विचारलं, “पन हे नाना तं इथंच बसेल हायेत!”

आता काही मावशीची सुटका नाही, असं मला वाटलं. पण नाना स्वतः उठले. एरवी चारचौघांत ते तोंड उघडत नसत. घसा साफ करून ते म्हणाले, “मी मेलो व्हतो त्या दिवशी. मंग बरं वाटलं.”

तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. परत जाताना गाडीत नाना मावशीच्या शेजारी ताठ बसले होते, आणि मावशी त्यांना घडीघडी विचारत होती, “गार वारं लागते का?” मला राग आला होता, पण त्या दोघांकडे पाहून तो ओसरला.

पुढे तंबू धुळ्याला गेला आणि मी पाट्या होत्या तशाच वाचू लागलो. तिथे आठवडाभराने एका खेळानंतर एक सडपातळ माणूस मला भेटायला आला. त्याचा एक कान आक्रसून गेला होता. मी त्याला लगेच ओळखलं. शिक्षा भोगून तो सुटला होता.

“भाऊ, हाई बठ्ठं खोटं शे,” तो कळवळून म्हणाला. “आम्ही दोनच व्हतूत.”

“ते मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“मग सांग ना लोकेस्ले! मन्ही बायकोनी चित्र दखं. रोज इचारस, चाळीस जण गयात आनि एक बैल बी आनता उना नही?”

बायकोचा टोमणा सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सबंध खानदेशात खऱ्याची चाड असलेला मला भेटलेला तो एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन पुढे बसला. चाळीस घोडे धूळ उडवत आले आणि पाटी झळकली. मी छाती भरून वाचलं, “दोन चोर आले!”

लोक मोठमोठ्याने घोडे मोजू लागले. कुणी म्हणे छत्तीस, कुणी एक्केचाळीस. तंबूत भांडण जुंपलं. त्या गोंधळात चोराची बायको वळून नवऱ्याला म्हणाली, “दोन जण व्हतात, मग घोडा इतला कसाले नेयात?”

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मालकाने मला त्याच रात्री काढून टाकलं.