राजाचा पार्ट

टीव्हीसाठी लिहिणारा माणूस भेटला की लोक हमखास विचारतात, अमुक भूमिकेत तमुक कसा वाटेल? यावर मी बरीच वर्षं मतं देत आलो आहे. माझ्या एका मालिकेत उडता घोडा होता, बोलणारं झाड होतं आणि राणी सावळी होती. घोड्याबद्दल एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही, राणीबद्दल मात्र भरपूर आल्या. तेव्हा एका मुलाखतीत मी म्हणालो, ज्याला भूमिका करता येते, त्याची ती. रंग, जात, पैसा, कुणाचा कोण, हे बघायचं नाही. टाळ्या पडल्या.

गाव आमचं बेळगावजवळ, बेळगुंदीच्या पलीकडचं. यात्रेला तिथे हौशी मंडळींचं नाटक होतं. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये, नाटक मराठीत आणि पडद्यावर निवडणुकीला उभं राहणाऱ्याचं नाव. यातल्या कशाचाच कुणाला त्रास होत नाही. पार्ट वाटायची रीतही ठरलेली आहे. जो जास्त वर्गणी देईल त्याला मोठा पार्ट. राजा सगळ्यात महाग, मग प्रधान, मग सेनापती. द्यायला ज्याच्याकडे काहीच नाही त्याने चोपदार व्हायचं. या वर्गणीतूनच मांडव, पेटीवाला, कपडे आणि बाहेरून आणलेल्या नट्यांचा खर्च निघतो.

माझे वडील, आप्पा, कायमचे चोपदार. आमचं घर बौद्ध, गल्ली गावाच्या खालच्या अंगाला. आप्पा देवळाची पायरी चढत नाहीत, पण देवळापुढचं नाटक त्यांनी कधी चुकवलं नाही. बेळगावच्या एका कचेरीत शिपाई म्हणून लागण्याआधी ते दुसऱ्यांच्या रानात राबायचे. भात कापताना राजाची भाषणं मोठ्याने म्हणायचे. राजे असेच, कमरेत वाकून बोलतात, असं लहानपणी मला वाटायचं.

पुढे मुंबईत मी मालिकांसाठी राजे लिहायला लागलो, तेव्हा प्रत्येक वाक्य मला आप्पांच्या आवाजात ऐकू यायचं. माझ्या मनातला नट तो एकच. पडद्यावर ती वाक्यं व्यायामशाळेतून आलेला कुणी गोरा मुलगा म्हणायचा. आमच्याकडची बोली घातली की वाहिनीवाले म्हणायचे, मस्त आहे, पण ही पहारेकऱ्याला द्या. मी देत असे. राजाला काय मिळतं आणि पहारेकऱ्याला काय मिळतं, यावरही माझी मतं आहेत. तीही मी मुलाखतींत सांगतो.

यंदा गावच्या कमिटीने माझ्याकडे नाटक मागितलं. मी एकच अट घातली. वर्गणी सगळ्यांना सारखी, आणि पार्ट ज्याचं काम चांगलं त्याला, चाचणी घेऊन. कमिटीवाले कुरकुरले, पण टीव्हीवरचं नाव हँडबिलावर छापायला मिळणार म्हणून कबूल झाले. आप्पांना मी आधी काही कळवलं नाही. घरी जाऊन समोरासमोर सांगायचं होतं, त्यांचा चेहरा बघायचा होता.

घरी पोचलो तर थोरल्या बहिणीने, आक्काने, दारातच बाजूला घेतलं. म्हणाली, "आप्पांनी पेन्शनीतनं पैसं साठवल्यात रं. औंदा राजाचा पार्ट घेणार हाईत. सोसायटीच्या चेअरमनपेक्षा जास्त देतो म्हणत्यात."

आता सांगणं भाग होतं. आप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे जादा पैसं घेणारच न्हाईत?"

"न्हाय आप्पा. ज्याला जमंल त्याला पार्ट."

"मग मला जमतंय की," ते म्हणाले, आणि त्यांनी आक्काला सदऱ्याला इस्त्री करायला सांगितली.

चाचणी रविवारी दुपारी शाळेत झाली. निवड करायला मी, एक गुरुजी आणि पेटीमास्तर. वडिलांच्या बाबतीत माझं मत धरू नका, असं मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. आप्पा उभे राहिले. आवाज तोच होता, पण दम पुरत नव्हता. वाक्य मधेच तुटायचं, ते थांबायचे, बाकाला धरून पुन्हा सुरू करायचे. मी लिहिलेला राजा पंचविशीतला होता. लिहिताना कानात आप्पा होते खरे, पण ते भात कापणारे आप्पा होते.

त्यांच्यानंतर चेअरमनचा नातू आला. बेळगावात कॉलेजला जाणारा पोरगा. त्याला काही येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. पण त्याने काम झकास केलं. गुरुजी आणि पेटीमास्तरांनी त्याचंच नाव घेतलं, आणि मला विचारलं असतं तर मीही तेच घेतलं असतं. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात राजा जायचा त्याच घरात तो याही वर्षी गेला, यंदा स्वस्तात. आप्पांना चोपदार मिळाला.

 घरी येताना ते म्हणाले, "एवढी वर्सं पैसा बघत हुते, तवा आपल्याकडं न्हवता. आता हाय, तर तू न्याय आणलास व्हय रं?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते बरोबरही होतं. ते मी दिलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण माझं मत काही बदललं नाही.

नाटक चांगलं झालं. राजाला शिट्ट्या पडल्या. आप्पांनी ललकारी दिली आणि खांबाला टेकून उभे राहिले. सारख्या वर्गणीत खर्च भागला नाही, तेव्हा पुढच्या वर्षीपासून जुनी रीत परत आणायची, असं कमिटीने दुसऱ्याच दिवशी ठरवलं.

मी निघालो तेव्हा आप्पा बसथांब्यापर्यंत आले. बस लांबून दिसली तसे म्हणाले, "म्होरल्या सालचं नाटक बी तूच लिव. राजा जरा म्हातारा लिव."

मी हो म्हणालो. पिशवी माझ्या हातात देत ते म्हणाले, "आणि लिवून पाठवून दे. तू येऊ नगंस."